एकतर्फी हिवाळा

वेंगुर्ले, ४ डिसेंबर

श्री. चिंतामणराव यांस,

मायना काय लिहावा या विचारात अर्धा कप चहा गार झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. मी कुठे गेलेच नाही, तर लिहिणार कुठून? म्हणून सध्या नुसतं नाव. साष्टांग नमस्कार लिहिलेला नाही, आणि त्याचं कारण गुडघे नव्हेत, राग आहे.

फोन तुम्ही घेत नाही. काल तो पार्वताबाईंच्या हातात दिलात. ती बिचारी म्हणाली, "बाई, साहेब म्हनून राहिले का मी घरात नाही असं सांग." मागून तुमचा खोकला ऐकू येत होता. जन्मभर कोर्टात साक्षीदार पढवलेत, पण घरात स्वयंपाकाला येणारी बाई काही तुम्हाला पढवता आली नाही. म्हणून आता पत्र. पत्र पार्वताबाईंच्या हातात देऊन उपयोग नाही, तिला वाचता येत नाही.

सुखरूप पोचले. बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर, असं गाठोडं होऊन बसले होते. नाशिकपर्यंत तशीच. सकाळी चिपळूणच्या आसपास जाग आली तर शाल पायाशी पडलेली, आणि समोरची बाई विचारत होती, "पंखा लावू का?" डिसेंबरात पंखा! कुडाळला उतरले, तिथून एसटीने इथे. घराच्या पुढच्या दोन खोल्या मला मिळाल्या आहेत. मागे मालकीणबाई राहतात, आरोलकर काकू. आहेत माझ्याच वयाच्या, पण सगळं गाव काकू म्हणतं म्हणून मीही म्हणते. आमच्या शाळेतली एक मैत्रीण दोन हिवाळे इथे राहून गेली होती, तिनेच त्यांचा नंबर दिला. खोल्या होळीपर्यंत घेतल्या आहेत. होळी जळाली, थंडी पळाली. तोवर मी इथेच.

वेंगुर्लेच का, हे तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगणार आहे. दरवर्षी दिवाळी झाली की आपल्या ओट्यावर, कोवळ्या उन्हात, संत्र्यांची टोपली मध्ये ठेवून तुमचं आणि शेषरावांचं न्यायालय बसायचं. संत्री त्यांच्या बागेतली, निकाल तुमचा. विषय एकच: हिवाळ्याचे दोन-तीन महिने कुठल्या समुद्राकाठी जाऊन राहायचं. गाव उबदार पाहिजे, सुसंस्कृत पाहिजे, नाटक-गाणं पाहिजे, चार पुस्तकं वाचायला मिळाली पाहिजेत. अलिबाग? मुंबईच्या लोकांनी भरलेलं. दापोली? ते डोंगरावर, तिथे आपल्यापेक्षा थंडी. रत्नागिरी? गाव चांगलं, पण आंबा मे महिन्यात, मग हिवाळ्यात जाऊन काय उपयोग! मालवण? मासळीचा वास. गोकर्ण? भाषा. पाँडिचेरी? भाषा आणि अंतर दोन्ही. संत्री संपायची, सालांचा ढीग व्हायचा, तो मी उचलायची. शेषराव उठता उठता म्हणायचे, "मंग काय ठरलं साहेब?" तुम्ही म्हणायचात, "पुढच्या हिवाळ्यात नक्की." असं दहा-अकरा वर्षं चाललं.

मी एका दुपारी ठरवलं. मेथी निवडत होते, हात मोकळा केला, काकूंना फोन लावला. उबदार आहे का? आहे. वाचनालय? जुनं आहे, चांगलं आहे. नाटक? जत्रांचे दिवस सुरू होतील, दशावतार बघून कंटाळाल. बाजार पायी जाण्यासारखा? आहे. भाजी फोडणीला पडायच्या आत खोल्या ठरल्या. मासळीचा वास आहे, हे मान्य करते. दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा होतो.

निघताना तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "कोण अडवून राहिलं तुले? जा. पण मंग माझी वाट पाहू नको." तुम्ही चिडलात की कोर्टातलं मराठी जातं आणि तुमच्या गावचं बाहेर येतं. मला तेच जास्त आवडतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायची ही वेळ नाही.

पत्ता पाकिटावर आहे.

विमल

वेंगुर्ले, १२ डिसेंबर

चिंतामणराव,

उत्तर नाही. ठीक आहे. शाळेत तीस वर्षं मी अशा वर्गांना शिकवलं आहे जे उत्तर देत नाहीत.

शिकवायची काय, तर भूगोल. कोकणची किनारपट्टी मी फळ्यावर खडूने इतक्या वेळा काढली की डोळे मिटून काढता येईल. खाडी, पुळण, बंदर, भरती, ओहोटी. मुली विचारायच्या, "बाई, भरती कशी दिसते?" मी म्हणायची, "पाणी वर येतं." पुस्तकात तेवढंच होतं, आणि मुंबईला एका संध्याकाळी चौपाटीवर उभं राहून भेळ खाल्ली तेवढ्यात आणखी काय कळणार? तर परवा पुळणीवर बसले. चपला काढून व्यवस्थित बाजूला ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतो तशा. पाणी लांब होतं. डोळे मिटून जरा वेळ बसले. उघडले तेव्हा साडी भिजलेली आणि भूगोलाच्या बाईंच्या चपला भरतीने नेलेल्या. टोपली घेऊन चाललेल्या एका मासेवालीने गुडघाभर पाण्यात शिरून एक शोधून आणली. म्हणाली, "बाय गो, दर्या कोणाक सोडणा नाय." मी एक चप्पल हातात घेऊन अनवाणी घरी आले. अमरावतीला असं रस्त्याने आले असते तर तुम्ही आठवडाभर बोलला नसतात. इथे दोघी-तिघींनी नुसतं विचारलं, एकच मिळाली का?

अदितीचा फोन आला होता अकोल्याहून. म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय." झाला आहे. मी म्हटलं, त्यांना सांग, चांगला झाला आहे. ती बिचारी कृषी विद्यापीठात पोरांना कापसावरची कीड शिकवते, आणि घरी आलं की आई-बापाचे निरोप इकडून तिकडे पोचवते. तिला यात ओढू नका. बोलायचं तर माझ्याशी बोला.

दशावतार पाहिला. पहाटेपर्यंत बसले, मधून उठले नाही. दुपारी एसटीत माझ्या शेजारी एक सडपातळ माणूस जांभया देत बसला होता, पायाशी पत्र्याची पेटी. तोच रात्री राणी होऊन आला. काय तो रुबाब, काय ते रडणं! मी ओळखलंच नाही. मग पडद्याआड गेल्यावर जांभई दिलेली ऐकली, तेव्हा ओळखलं. वाचनालयातही जाते. तिथे पेपर वाचायला सगळे पुरुष बसतात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. मी खुर्ची ओढली आणि बसले. दुसऱ्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

काकू सगळ्यात खोबरं घालतात. मी त्यांना एक दिवस आपली बेसनाच्या पातोडीची भाजी करून घातली, वरच्या तिखटजाळ तर्रीसकट. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं त्यांच्या, पण ताट पुसून खाल्लं. नंतर म्हणाल्या, "तुमचो घोव खंय असा?" घोव म्हणजे नवरा. मी म्हटलं, अमरावतीला आहेत, समुद्राकाठचं गाव निवडताहेत.

आणखी एक. आपल्या माडीवर जाताना मी मधल्या पायरीवर थांबायची, तुम्ही वरून विचारायचात, "काय झालं?" इथे बंदराजवळ चांगली मोठी चढण आहे. मी न थांबता चढले. विश्वास बसेना म्हणून खाली उतरून पुन्हा चढले.

विमल

वेंगुर्ले, २२ डिसेंबर

वादी चिंतामणराव यांस प्रतिवादी विमल हिची कैफियत,

तुमची रजिस्टर नोटीस मिळाली. पोचपावतीवर सही केली आहे, ती तुम्हाला मिळेलच, जपून फाईलला लावा. काकूंनी विचारलं, "कोणाचा पत्र? घोवाचा?" मी म्हटलं, वकिलाचं. खोटं काहीच बोलले नाही.

"आमचे पक्षकारांचे सांगण्यावरून आपणास नोटीस देण्यात येते की." अहो, पक्षकार तुम्हीच, वकील तुम्हीच! आणि टाईप कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून करून घेतलीत, शिक्का दिसतो आहे. म्हणजे एव्हाना सगळ्या बाररूमला कळलं असणार. तरी परिच्छेद चारमध्ये लिहिता की प्रतिवादीच्या वर्तनाने वादीचे समाजात हसे झाले.

आता उत्तर देते. तुमच्याकडूनच शिकले आहे, एकेका परिच्छेदाचं द्यायचं.

परिच्छेद एक. "प्रतिवादी हिने कोणतेही सबळ कारण नसताना घर सोडले." हे म्हणणे खरे नाही व कबूल नाही.

सबळ कारण नसताना! गेल्या जानेवारीतली ती सकाळ तुमच्या नोटिशीत कुठेच नाही. बाहेर धुकं होतं. मी अंगणात पाणी घालायला गेले आणि तुळशीजवळच खाली बसले, कारण घेतलेला श्वास बाहेर पडेना आणि बाहेरचा आत जाईना. पार्वताबाई ओरडली म्हणून तुम्ही धावत आलात. दवाखान्यात तोंडाला नळी लावून पडले होते तेव्हा तुम्ही माझे पाय चोळत बसला होतात, ते मी विसरलेले नाही. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले, वकीलसाहेब, यांना इथल्या थंडीत ठेवू नका, पुढचा हिवाळा कुठे तरी समुद्राकाठी काढा. तुम्ही माझा हात हातात घेऊन म्हणालात, "विमल, या वर्षी नक्की." मी विश्वास ठेवला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून ठेवला. आणि या दिवाळीनंतर मी माळ्यावरून बॅग काढली तर तुम्ही म्हणालात, "एवढ्या थंडीत प्रवास कशाला, मार्चमध्ये बघू." थंडी टाळायला मार्चमध्ये जायचं! हा युक्तिवाद कोर्टात केला असतात तर न्यायाधीशांनी चष्मा काढून तुमच्याकडे पाहिलं असतं.

परिच्छेद दोन. "वादीस विश्वासात न घेता एकतर्फी निर्णय घेतला." एकतर्फी निकाल कधी होतो हे तुमच्याच तोंडून, जेवताना, शंभरदा ऐकलं आहे. नोटीस लागूनही समोरचा हजर राहत नाही, तेव्हा. तुम्ही हजर झालात कधी? दर तारखेला मुदतीचा अर्ज. मुदतीवर मुदत घेऊन समोरच्याला थकवायचं, ही तुमची ख्याती. चिंतामणरावांकडे केस गेली की समोरचा म्हातारा होतो, असं लोक कौतुकाने सांगतात आणि तुम्ही मिशीत हसता. घरात समोरची मी होते. मीच म्हातारी झाले.

परिच्छेद तीन आणि चार राहू द्या. जेवणाची आबाळ म्हणता, पण पार्वताबाई तुम्हाला रोज वरण-भात, भाजी-पोळी करून वाढते हे मला माहीत आहे. तिखट कमी पडतं एवढंच, ते तुमच्या पोटाला बरंच आहे.

परिच्छेद पाच. "प्रतिवादी संक्रांतीपूर्वी घरी परत न आल्यास वादी घरास कुलूप लावून किल्ल्या शेषराव यांचे ताब्यात देईल व कायमचा मुलीकडे अकोल्यास राहावयास जाईल. त्यानंतर प्रतिवादीने सदर घरी अगर वादीकडे येण्याचे कारण उरणार नाही."

बाकीच्या नोटिशीला मी हसले. हा परिच्छेद तीनदा वाचला आणि हसू आलं नाही. त्या घराची प्रत्येक फरशी मी माझ्या हाताने पुसली आहे. अदिती त्याच ओट्यावर रांगली. त्या घरात येण्याचं कारण उरणार नाही, हे तुम्ही टायपिस्टला उभं राहून सांगितलंत, आणि त्याने ते टाईप केलं. तुमची जीभ अडखळली का हो एकदा तरी?

अडखळली असेल वा नसेल. मी संक्रांतीपूर्वी येणार नाही. जानेवारी हाच तर तो महिना आहे. घर जाईल, तुम्ही जाल, या भीतीने मी माझा श्वास परत त्या धुक्यात नेऊन ठेवणार नाही. कुलूप लावायचं तर लावा. मोरीच्या नळाची तोटी आधी घट्ट बंद करा, ती गळते.

विमल

वेंगुर्ले, २ जानेवारी

चिंतामणराव,

आज थोडंच लिहिते.

अदिती फोनवर रडली. म्हणाली, "आई, तू ये ना. बाबा हट्टी आहेत, तुला माहीत आहे. ते धड जेवत नाहीत. सकाळी ओट्यावर एकटेच बसतात, शेषरावकाकांनी आणलेली संत्री तशीच पडून असतात." मी तिला म्हटलं, हट्टी माणसासाठी शहाण्या माणसानेच का परत यायचं? ती म्हणाली, "कारण तू शहाणी आहेस." आपली पोरगी वकिलाची खरी.

फोन ठेवला आणि मी परतीच्या गाडीचे वार पाहिले. हो, पाहिले. लपवत नाही. बॅग खाली काढली. चार साड्या घड्या करून आत ठेवल्या, स्वेटर वर ठेवला. तुमचा चेहरा डोळ्यांसमोर होता, ओट्यावरचा, संत्री न सोलता बसलेला. तुम्हाला संत्र्याचे धागे काढता येत नाहीत, ते मी काढून देते. कोण देत असेल?

मग मागच्या अंगणात गेले. काकू नारळ सोलत होत्या. मी तिथे उभी राहून छातीभर श्वास घेतला, अगदी तळापर्यंत, आणि तो सरळ गेला आणि सरळ बाहेर आला. कुठे शिट्टी नाही, कुठे अडलं नाही. असा श्वास मला तिकडे जानेवारीत गेल्या कित्येक वर्षांत मिळालेला नाही. आत येऊन साड्या परत कपाटात लावल्या. बॅग वर टाकली.

मला तुमची आठवण येत नाही असं समजू नका. येते, आणि रोज येते. पण आठवण येते म्हणून परत येणं आणि धमकी आली म्हणून परत येणं, यांत मी फरक करते. तुम्ही नुसतं "विमल, ये" असं लिहिलं असतंत तर मी जास्त अडचणीत आले असते.

विमल

वेंगुर्ले, ९ जानेवारी

अहो,

शेषरावांचा फोन आला. आधी त्यांची पाच मिनिटं तब्येत, हवा, बागेतला संत्र्याचा आंबिया बहार यांची चौकशी आणि माहिती झाली. मग म्हणाले, "वैनी, खुशखबर हाये. साहेबानं तिकीट काढलं. मडगावच्या गाडीचं. तेराला सकाळी तुमच्या कुडाळले उतरतीन. मी सोता बसवून देतो गाडीत, तुमी फिकर करू नका." मी विचारलं, "न्यायला येताहेत की राहायला?" ते म्हणाले, "ते त म्या इचारलं नाही बाप्पा. तुमीच इचारा."

हे पत्र तिकडे पोचेल तेव्हा तुम्ही निघालेले असाल. तरी लिहिते आहे, कारण आता सवय लागली आहे.

न्यायला येत असाल तर आधीच सांगते, मी येणार नाही. राहायला येत असाल तर या. दोन्ही असेल तर तेही चालेल, भांडण इथे उन्हात बसून करू. पुळण मोठी आहे, कोणाला ऐकू जाणार नाही.

मी काही विशेष तयारी केलेली नाही. एक खाट तेवढी तुमच्यासाठी खिडकीजवळ हलवली, कारण तुम्हाला वारा लागतो. पडदे धुतले, पण ते धुवायला झालेच होते. पेपर घरी टाकायला सांगितला आहे, उद्यापासून येईल, मला तो तसाही हवाच होता. काकूंना सांगितलं की तुम्ही मासळी खात नाही. त्यांनी विचारलं, "मगे खातत काय?" मी यादी देऊ लागले तर त्याच हसायला लागल्या. वाचनालयातल्या गृहस्थांना विचारून ठेवलं आहे, कायद्याची जुनी पुस्तकं आहेत त्यांच्याकडे, कपाट उघडून देतील.

शेषरावांजवळ फोनवर निरोप दिलाच आहे: येताना तूरडाळ आणा, इथली मला शिजवता येत नाही. तिळाचे लाडू पार्वताबाईंना करायला सांगा, संक्रांत इथेच करू. स्वेटर एकच आणा. मफलर नको.

आणि काळा कोट घरीच ठेवा.

मी स्टेशनवर येईन. येणार नव्हते, पण येईन.

विमल

वेंगुर्ले, १५ जानेवारी

अहो,

तुम्ही आला नाहीत.

मी कुडाळला गाडीच्या बऱ्याच आधी पोचले होते. गाडी आली, तुमचा डबा बरोबर माझ्यासमोर थांबला. उतरणारे उतरले. मी एकेका खिडकीतून आत पाहत डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एका मुलीने विचारलं, "मावशी, कोणाला शोधताय?" मी म्हटलं, कोणाला नाही. गाडी मडगावकडे निघून गेली. मी बाकावर बसून राहिले. बाहेरची एसटी चुकली, तिच्या पुढचीही चुकली.

मग शेषरावांचा फोन आला. चांगला माणूस, रात्री कळवायचा धीर झाला नाही म्हणाले, आणि आता सांगताना त्यांना रडू येत होतं. "वैनी, म्या लय समजावलं. रात्री उशीर नको व्हायले म्हनून आमी बडनेऱ्याले घंटाभर आधीच येऊन बसलो होतो. गाडी आली. सामान म्या सोता आत ठेवलं. साहेब एक पाय पायरीवर ठेवून उभे. मंग म्हनले, 'शेषराव, सामान खाली घे. पुढच्या गाडीनं जातो.' म्या म्हनलं, 'साहेब, काहून?' हात थरथरून राहिला होता वैनी त्याइचा. खोटं काहून सांगू?"

घराला कुलूप लावून, किल्ल्या शेषरावांना देऊन निघाला होतात. परत जाऊन आपल्याच दारात उभं राहून त्यांच्याकडे किल्ल्या मागाव्या लागल्या तुम्हाला. हे ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

काल संक्रांत होती. काकूंनी तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोल म्हणाल्या. मी गोड बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मनात तुमच्या नावाने जे काही आलं ते इथे लिहीत नाही. दुपारपर्यंत ठरवलं होतं की या माणसाशी आता पत्राचाही संबंध नको.

पण तो हात सारखा डोळ्यांसमोर येत राहिला. तुमचा हात थरथरलेला मी पाहिलेला नाही. तुम्ही भल्याभल्यांची उलटतपासणी घेतलीत, कधी थरथरला नाही. आणि पायरीवर एक पाय ठेवून थरथरला. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही हट्टी आहात, चेंगट आहात, मला गृहीत धरता. ते सगळं आहेच. पण तुम्ही घाबरता, हे मला दिसलं नव्हतं. राजकमल चौकात तुम्ही नुसते उभे राहिलात तर चार जण नमस्कार करतात. दुकानदार उठून खुर्ची देतो. तिथे तुम्ही साहेब आहात. इथे एसटीतून उतराल तेव्हा पिशवी धरलेले एक म्हातारे गृहस्थ असाल, बस. कोणी उठणार नाही, कोणी विचारणार नाही. गाव निवडत बसणं सोपं होतं, कारण निवडत बसलं की जावं लागत नव्हतं.

घाबरलात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी काय शूर आहे? पहिल्या दिवशी इथे खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वेटर मांडीवर घेऊन रडले. आपलं कोण आहे इथे, मेले तरी कोणाला कळेल, असं वाटलं. पत्रात तुम्हाला पंखा लिहिला, रडणं नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, कोणाला काही विचारलं, कोणी काही सांगितलं, आणि ते गेलं. सगळ्यांचं जातं. तुमचंही जाईल. पण ते घरी ओट्यावर बसून जात नाही, इथे येऊनच जातं.

तुमच्या भीतीला सोबत करायला मात्र मी परत येणार नाही. हे आता रागाने लिहीत नाही, शांत डोक्याने लिहिते आहे. आले तर तुम्हाला बरं वाटेल, ओट्यावर ऊन खाऊ, आणि कुठल्या तरी सकाळी मला पुन्हा श्वास येणार नाही. तुम्ही पुन्हा माझे पाय चोळाल. फार प्रेमाने चोळाल, मला माहीत आहे. पण पाय चोळून श्वास येत नाही हो. तुमच्या प्रेमापोटी मी बरीच वर्षं घरात बसले. आता तुम्ही माझ्या प्रेमापोटी एकदा गाडीत बसा. तेवढंच मागते आहे, आणि ते मागायचा मला हक्क आहे.

मी होळीपर्यंत इथे आहे. काकूंना आज पुढच्या हिवाळ्याचंही सांगून टाकलं. "दोघां?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोघं. पण तुम्ही आला नाहीत तर एकटी येईन, हेही सांगितलं. खिडकीजवळची तुमची खाट मी तिथून काढलेली नाही.

गाडी आठवड्यातून दोनदा आहे. शेषरावांना बडनेऱ्यापर्यंत न्या, पण सामान स्वतः आत ठेवा, म्हणजे ते खाली घ्यायला कोणाला सांगता येणार नाही. मी आता कुडाळला येणार नाही. डब्याडब्यातून पुन्हा एकदा शोधत चालणं मला जमायचं नाही. स्टेशनबाहेर एसटी मिळते, वेंगुर्ल्याला उतरा आणि कोणालाही विचारा.

फक्त तिकडच्या सवयीने "वकिलीणबाई कुठे राहतात" असं विचारू नका. त्या नावाचं इथे कोणी राहत नाही. विमलताई म्हणा, कोणीही दारापर्यंत आणून सोडेल.

तुमची
विमल